थंडीत डिझेल ट्रक सुरू का होत नाही, आणि कसा करायचा

पेट्रोल इंजिनात ठिणगी असते. हवा गार असो की गरम, प्लगने ठिणगी टाकली की मिश्रण पेटतं. डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारं काहीच नाही. रुडॉल्फ डिझेल यांना १८९३ मध्ये ज्या कल्पनेचं जर्मन पेटंट मिळालं, आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्गला जिच्यावर त्यांचं इंजिन यशस्वीपणे चाललं, तिचा गाभा साधा आहे. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की दाबण्यानेच ती तापावी, आणि त्या तापलेल्या हवेत इंधन फवारलं की ते आपोआप पेटावं. पुढे जास्त हवा कोंबणारा टर्बो आला, सगळ्या इंजेक्टरांना दाबाखालचं डिझेल पुरवणारी नळी म्हणजे कॉमन रेल आली, इंजिनाचा संगणक म्हणजे ईसीयू आला, पण डिझेल पेटवते ती आजही तापलेली हवाच.

थंडीत 'गाडी लागत नाही' ही तक्रार एकच ऐकू येते, पण तिच्यामागे तीन निरनिराळी कारणं असतात. हवा पुरेशी तापत नाही, इंजिन पुरेशा वेगाने फिरत नाही, किंवा डिझेल ते फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत पोहोचतच नाही. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. नेमकं काय बिघडलंय ते न बघता सेल्फ मारत राहिलं, तर बॅटरी उतरते आणि मूळ अडचणीवर आणखी एक अडचण चढते. म्हणून उपायांच्या आधी आत काय घडतं ते समजून घेऊ.

पन्नास अंशांचे एकशेपस्तीस होतात

सायकलचा पंप भराभर मारला की त्याचं खालचं टोक हाताला गरम लागतं. दाबलेली हवा तापते ती अशी. ट्रकच्या इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या साधारण सोळाव्या-अठराव्या हिश्शात कोंबली जाते. दाबाचं हे प्रमाण १७ धरून हिशोब केला, तर बाहेर ३० अंश सेल्सिअस असताना दाबाच्या शेवटी हवा सुमारे ५४५ अंशांवर जाते. बाहेर उणे २० असेल तर तीच हवा सुमारे ४१० अंशांवर थांबते. सुरुवातीला फरक पन्नास अंशांचा होता, शेवटी तो एकशेपस्तीस अंशांचा झाला. दाबताना तापमान वाढतं ते गुणाकाराने, त्यामुळे सुरुवातीची उणीवही गुणली जाते. बाहेरचा गारवा डिझेल इंजिनाला इतका का झोंबतो याचं उत्तर या एका हिशोबात आहे. आणि येणारी हवा थोडीशी जरी आधी तापवली तरी इंजिन एकदम का लागतं, याचंही.

डिझेल आपोआप पेट घेण्याचं तापमान २१० ते २५० अंशांच्या आसपास मानतात. मग ४१० अंश पुरायला नकोत का? ते २१०-२५० म्हणजे निवांत वेळ मिळाला तरची गोष्ट. इंजिनात फवाऱ्यातल्या थेंबांची वाफ होऊन ती पेटायला सेकंदाचा अगदी बारीक अंश मिळतो, म्हणून हवा बरीच जास्त तापलेली लागते. शिवाय वरचा हिशोब इंजिन बऱ्यापैकी वेगाने फिरतंय असं धरून केलेला आहे. पिस्टन रेंगाळत वर आला, तर तापलेली हवा आपली उष्णता भोवतालच्या गार लोखंडाला देऊन टाकते, आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून हवा निसटायलाही वेळ मिळतो. मग चारशेचे तीनशेच्याही खाली येऊ शकतात. इंजिन झिजलेलं असेल, कॉम्प्रेशन आधीच कमी असेल, तर उन्हाळाभर कुरकुर न करणारा ट्रक पहिल्या कडक थंडीत अडून बसतो. थंडीने तो बिघडलेला नसतो, आधीचं दुखणं फक्त वर आलेलं असतं.

सेल्फ जड का फिरतो

इंजिन वेगाने फिरवायचं काम बॅटरीचं, आणि थंडी नेमकी तिच्यावरच घाव घालते. लेड-ॲसिड बॅटरीत रासायनिक क्रिया गारव्यात मंदावते. उणे १८ अंशांच्या आसपास ती आपल्या नेहमीच्या ताकदीच्या जेमतेम निम्मी ताकद देते. त्याच वेळी इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतं, त्यामुळे इंजिन फिरवायला नेहमीच्या दुपटीच्या आसपास जोर लागतो. देणारा अर्धा झाला आणि मागणारा दुप्पट. म्हणून बॅटरी विकत घेताना अँपिअर-अवर इतकाच सीसीए हा आकडाही बघावा. उणे १८ अंशांवर १२ व्होल्टची बॅटरी ३० सेकंद किती करंट देऊ शकते, आणि तेवढ्या वेळात तिचा व्होल्टेज ७.२ च्या खाली जात नाही, हे तो सांगतो.

बॅटरी बदलण्याआधी मात्र तिचे टर्मिनल बघा. ही गोष्ट इतकी साधी आहे की तीच राहून जाते. समजा सेल्फ मारताना ५०० अँपिअर करंट वाहतोय आणि पांढरट-हिरव्या बुरशीसारखा थर चढलेल्या टर्मिनलमध्ये चार मिलिओहम रोध आहे. चार मिलिओहम म्हणजे साध्या मीटरवर दिसणारही नाही इतका रोध. पण ५०० अँपिअरला तिथेच दोन व्होल्ट खर्च होतात. उन्हाळ्यात हे दोन व्होल्ट गेलेले कळत नाहीत. थंडीत तेच दोन व्होल्ट गाडी लागणं आणि न लागणं ठरवतात. चॅसीला जाणाऱ्या अर्थिंगच्या केबलचं टोकही तितकंच महत्त्वाचं, आणि ते खाली चिखलात असल्यामुळे त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

पूर्ण उतरलेली बॅटरी उणे ७ अंशांच्या आसपासच गोठू शकते, कारण तिच्यातल्या द्रवात आम्ल कमी आणि पाणी जास्त उरलेलं असतं. भरलेली बॅटरी मात्र कितीही कडाक्याच्या थंडीत सहसा गोठत नाही. बॅटरीची कूस फुगलेली दिसली किंवा आत बर्फ दिसला, तर तिला चार्जिंग लावू नका आणि जंप केबलही जोडू नका. ती फुटू शकते. दुसऱ्या गाडीवरून जंप द्यायचाच असेल, तर दोन्ही गाड्यांचा व्होल्टेज सारखा आहे ना ते आधी बघा. २४ व्होल्टच्या ट्रकला २४ चाच आधार हवा. शेवटची निगेटिव्ह जोडणी बंद ट्रकच्या बॅटरीवर न करता, बॅटरीपासून लांब चॅसीच्या उघड्या लोखंडावर करा. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, आणि जोडताना उडणारी ठिणगी त्याच्याजवळ नको.

आता ऑइल. डब्यावर १५डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. त्यातला 'डब्ल्यू' हिवाळ्याचा, आणि त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ऑइल गारठ्यात पातळ राहतं. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकाप्रमाणे १५डब्ल्यू ऑइलची क्रँकिंगची, म्हणजे सेल्फने इंजिन फिरण्याची, चाचणी उणे २० अंशांवर होते, १०डब्ल्यूची उणे २५ वर, ५डब्ल्यूची उणे ३० वर आणि ०डब्ल्यूची उणे ३५ वर. हे आकडे डोक्यात ठेवले की आपल्या थंडीला कोणतं ऑइल हवं ते आपलं आपल्याला ठरवता येतं. अर्थात इंजिनाच्या पुस्तिकेत ज्या ग्रेडला परवानगी आहे, त्यांतूनच निवड करायची.

डिझेल थिजतं तेव्हा

डिझेलमध्ये पॅराफिन असतं, म्हणजे मेण. गरम असताना ते विरघळलेलं असतं आणि दिसत नाही. किंबहुना ते चांगलं जळतं, म्हणून हवंहवंसंच असतं. तापमान उतरू लागलं की या मेणाचे बारीक स्फटिक बनतात आणि स्वच्छ डिझेल धुरकट दिसू लागतं. या तापमानाला क्लाउड पॉइंट म्हणतात. आणखी खाली गेलं की स्फटिक एकमेकांत गुंतून फिल्टर बुजवतात, आणि त्याहूनही खाली डिझेल ओतलं तरी वाहत नाही.

मधली पायरी, म्हणजे कोणत्या तापमानाला फिल्टर बुजतो ते, मोजणारा आकडा म्हणजे सीएफपीपी (कोल्ड फिल्टर प्लगिंग पॉइंट). युरोपच्या ईएन ५९० मानकात समशीतोष्ण हवामानासाठी डिझेलचे ए ते एफ असे वर्ग आहेत. ए वर्गाचा सीएफपीपी अधिक ५ पर्यंत चालतो, एफचा उणे २० पर्यंत. कडाक्याच्या थंडीसाठी वेगळे वर्ग आहेत, ते उणे ४४ पर्यंत जातात. पण या आकड्यावर पूर्ण विसंबू नये असं मला ठामपणे वाटतं. ही चाचणी ४५ मायक्रॉनच्या जाळीतून घेतली जाते, २० मिलिलिटर डिझेल ६० सेकंदांत जाळीपार होतं की नाही हे पाहून. ट्रकचा मुख्य फिल्टर काही मायक्रॉनचाच असतो, म्हणजे त्या जाळीच्या कितीतरी पट बारीक. त्यामुळे प्रयोगशाळेत पास झालेलं डिझेल त्याच तापमानाला तुमच्या फिल्टरमध्ये अडकू शकतं. क्लाउड पॉइंटच्या खाली गेलात की सावध राहायला लागा.

असा अडकलेला फिल्टर काढून पाहिला, तर कागदाच्या घड्यांवर पिवळट-पांढरा, बोटाला मऊ लागणारा थर दिसतो. फिल्टर खराब झालेला नसतो. उबदार जागी ठेवला की थर वितळतो आणि कागद पुन्हा मोकळा दिसतो. याच्या उलट, वॉटर सेपरेटरच्या वाटीत कडक, काचेसारखा खडा सापडला तर तो मेणाचा नव्हे, पाण्याचा बर्फ. दोन्हींत ट्रक सारखाच बंद पडतो, पण बर्फावर मेणाचं औषध चालत नाही. सेपरेटरमधलं पाणी थंडीच्या आधी, आणि थंडीत नेमाने, काढून टाकणं हाच त्याच्यावरचा इलाज. रात्री टाकी भरून ठेवली तर आत दमट हवेला जागा कमी राहते आणि पाणीही कमी साचतं.

मेण अडकल्याची एक ठरलेली खूण आहे. ट्रक सकाळी नीट लागतो, चार-पाच मिनिटं चालतो, मग ओढ कमी होते आणि बंद पडतो. फिल्टरमध्ये आणि पाइपांत होतं तेवढं डिझेल वापरलं गेलं, टाकीतून नवं यायला वाट उरली नाही. उबदार प्रदेशात टाकी भरून थंड प्रदेशात चढत गेलेल्या ट्रकांना हे हटकून होतं, कारण टाकीतलं डिझेल खालच्या हवेसाठी बनवलेलं असतं. थंड भागात पोहोचल्यावर टाकी भरायची असेल, तर पोहोचेपर्यंत ती बऱ्यापैकी रिकामी असणंच बरं. बायोडिझेल मिसळलेलं इंधन जास्त सांभाळावं लागतं. शुद्ध बायोडिझेल कोणत्या तेलापासून केलंय त्यानुसार शून्याच्या आसपास, आणि पामतेलाचं तर त्याच्याही बरंच वर, गढूळ होऊ लागतं.

डिझेल थिजू नये म्हणून जी औषधं मिळतात ती मेण नाहीसं करत नाहीत. ती स्फटिकांचा आकार लहान ठेवतात, म्हणजे ते फिल्टरमधून निसटतात. म्हणून ती डिझेल स्वच्छ आणि कोमट असतानाच टाकायची. एकदा मेण धरलं की वरून ओतलेलं औषध काही करत नाही. तिथे मग फक्त उष्णताच उपयोगी पडते. केरोसीन मिसळण्याची जुनी पद्धत आहे आणि तिने डिझेल खरोखर पातळ राहतं, पण केरोसीनमध्ये वंगणपणा कमी असतो. नव्या इंजिनांचे पंप आणि इंजेक्टर डिझेलच्याच वंगणावर जगतात, तेव्हा कंपनीची परवानगी नसेल तर हा प्रयोग करू नये. पेट्रोल मिसळणं तर सरळ धोका आहे, टाकीतल्या वाफेला पेट घ्यायला मग काहीच वेळ लागत नाही. टाकीखाली किंवा ऑइलच्या चेंबरखाली शेकोटी पेटवण्याबद्दलही हेच सांगेन. एखाद्याचा ट्रक तसा सुरू झालाही असेल, पण डिझेलची गळती, ऑइलचा थर, वायरी आणि रबरी पाइप जिथे एकत्र आहेत तिथे उघडी ज्योत नेऊ नका.

किल्ली फिरवण्याआधी आणि फिरवताना

खरं काम आदल्या संध्याकाळीच करायचं असतं. वीज जवळ असेल तर ब्लॉक हीटर हा सगळ्यांत चांगला उपाय. तो इंजिनातलं कूलंट तापवतो, त्यासोबत सिलिंडरच्या भिंती (लाइनर) आणि हेड तापतात. मग आत आलेली हवा भिंतींना उष्णता देत बसत नाही, ऑइलही थोडं सैल होतं, म्हणजे बॅटरीवरचा भारही उतरतो. रात्रभर चालू ठेवायची गरज सहसा नसते. निघण्याआधी तीन-चार तास पुरतात, टायमर लावला की झालं. वीज नसेल तिथे डिझेलवर चालणारा छोटा हीटर हेच काम करतो. ट्रक रात्रभर आयडलवर ठेवला तर तासाला तीन लिटरच्या आसपास डिझेल जातं, हीटरला त्याचा लहानसा हिस्साच लागतो. शिवाय आयडलवर इंजिन पुरेसं तापत नाही, न जळलेलं डिझेल रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, म्हणजे डीपीएफमध्ये, काजळी भरते. रात्रभर घुरघुरणारा ट्रक पाहिला की मला त्या इंजिनाची काळजीच वाटते.

ट्रक उभा करताना वारा समोरून नाही, मागून येईल असा करा, शक्य असेल तर भिंतीच्या आडोशाला. वारा इंजिनाला हवेच्या तापमानापेक्षा जास्त गार करू शकत नाही, हे खरं. वाऱ्यात आपल्याला जास्त थंडी वाजते तशी ती लोखंडाला वाजत नाही. पण इंजिन तिथवर गार व्हायला लागणारा वेळ वारा फार कमी करतो, आणि हीटरची निम्मी मेहनत उडवून लावतो.

सकाळी दिवे, पंखा, रेडिओ, सगळं बंद. गिअर न्यूट्रलला आणि क्लच पूर्ण दाबलेला, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल घुसळायचं ओझं सेल्फवर पडत नाही. किल्ली ऑनवर नेली की गुंडाळलेल्या तारेचं चिन्ह पेटतं. लहान डिझेल गाड्यांत त्या वेळी ग्लो प्लग तापत असतात, त्यांचं टोक काही सेकंदांत ८५० अंशांच्या पुढे जातं. मोठ्या ट्रकांत बहुतेक वेळा इनटेकच्या वाटेत हीटरची जाळी असते, ती येणारी हवाच तापवते. दिवा विझेपर्यंत थांबा. वर पाहिलेला हिशोब आठवला, तर या काही सेकंदांची किंमत कळेल. फार थंडी असेल तर दिवा विझल्यावर किल्ली बंद करून पुन्हा एकदा हा फेरा करायला हरकत नाही.

मग सेल्फ. दहा-पंधरा सेकंद, फार तर तीस. लागली नाही तर दोन मिनिटं थांबा. हा थांबा सेल्फच्या मोटरसाठी असतो, तिच्यातून शेकडो अँपिअर वाहून ती तापलेली असते. बॅटरीलाही तेवढ्यात थोडा दम मिळतो. कॉमन रेलच्या इंजिनात ॲक्सिलरेटर दाबून उपयोग नाही, किती डिझेल सोडायचं ते ईसीयू ठरवतो.

आणि या वेळी कान सेल्फकडे, डोळे सायलेन्सरकडे ठेवा. सगळं निदान इथेच होतं. सेल्फ जड फिरत असेल तर दोष बॅटरी, टर्मिनल किंवा ऑइलचा. इंजेक्टर-पंपांना हात लावायचं कारण नाही. सेल्फ झपाट्याने फिरतोय आणि सायलेन्सरमधून दाट, डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतोय, तर आनंदाची बातमी आहे. तो धूर म्हणजे न पेटलेल्या डिझेलची वाफ. डिझेल पोहोचतंय, फक्त उष्णता कमी पडतेय. ग्लो प्लग किंवा इनटेक हीटर काम करतोय का ते बघा, त्याचा फ्यूज आणि रिले बघा, आणि उष्णता द्या. सेल्फ झपाट्याने फिरतोय पण धूर अजिबात नाही, तर डिझेल पोहोचत नाहीय. मेण, बर्फ, किंवा लाइनमध्ये धरलेली हवा. अशा वेळी कितीही सेल्फ मारा, काहीही होणार नाही. एक अपवाद लक्षात ठेवा. कॉमन रेलमध्ये रेलचा दाब पुरेसा चढल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही, म्हणून सेल्फ फार जड असेल तरीही धूर दिसणार नाही. तेव्हा आधी सेल्फचा वेग, मग धूर, याच क्रमाने बघायचं.

ईथरचा स्प्रे हा मोहाचा मार्ग आहे. ईथर १६०-१८० अंशांच्या आसपासच पेटतं, म्हणून गारठलेलं इंजिनही त्याने धडकन लागतं. पण ग्लो प्लग किंवा इनटेक हीटर असलेल्या इंजिनात ते तापलेल्या तारेवर पडून वाटेतच भडकू शकतं, आणि सिलिंडरमध्ये पिस्टन वर येण्याआधीच पेटलं तर रिंगा तुटतात, पिस्टनला चीर जाते, कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीने स्वतः ईथरची यंत्रणा बसवलेली नसेल, तर स्प्रे ट्रकमध्ये ठेवूच नका.

लागल्यावर

इंजिन लागलं की थोडा वेळ खडखड आणि पांढरा धूर राहील. भिंती तापल्या की दोन्ही जातात. रेस देऊ नका. घट्ट ऑइल टर्बोच्या बेअरिंगपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि रेस दिली तर टर्बो ऑइलआधीच फिरायला लागतो. ऑइलचा दाब स्थिरावला, ब्रेकच्या एअर टाक्यांत दाब भरला की निघायला हरकत नाही. बंदिस्त शेडमध्ये हे करत असाल तर दार उघडं हवं, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

धूर स्वच्छ करण्यासाठी वापरलं जाणारं युरियाचं द्रावण, ॲडब्लू, उणे ११ अंशांना गोठतं, पण त्यामुळे इंजिन लागायचं अडत नाही. त्याची टाकी तापवण्याची सोय ट्रकमध्येच असते. गोठताना ते फुगतं, म्हणून टाकी काठोकाठ भरू नका. कूलंटच्या बाबतीत एक गैरसमज सर्रास दिसतो, की निव्वळ अँटिफ्रीझ भरलं तर जास्त सुरक्षित. उलट आहे. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपास गोठतं, आणि निम्मं पाणी घातलेलं मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं.

इंजिन सुरू आहे आणि ट्रक जागचा हलत नाही, असंही होतं. ओले ब्रेक लायनर रात्रीत ड्रमला चिकटतात, किंवा एअर लाइनमध्ये साचलेलं पाणी गोठून ब्रेक सुटत नाहीत. एअर टाक्यांचं पाणी रोज संध्याकाळी सोडलं आणि एअर ड्रायरचं कार्ट्रिज वेळेवर बदललं, तर एअर लाइनची अडचण सहसा येत नाही. लायनर चिकटले असतील तर हळूच पुढे-मागे करून सोडवा. चाक घसटत ओढत नेलं तर टायरचा एकच भाग खरवडला जातो. आणि आयडलवर तापतं ते फक्त इंजिन. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर चालायला लागल्यावरच तापतात, म्हणून पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने चालवा, आणि कूलंटचा काटा वर चढेपर्यंत इंजिनावर पूर्ण भार टाकू नका.